डोहावरची हाक

१० नोव्हेंबर
नरडाण्याला गाडीतून उतरले ती हसतच, तिथून एसटीनं या गावात. मासे बघायचा पगार मिळतो, हे आईला अजून पटत नाही. तापीच्या या डोहात दुर्मिळ महसीर उरलाय, महिनाभर त्याच्यावर नजर ठेवायची, एवढंच काम. खोली भिकुबाई अक्कांच्या घरात. अक्का एकट्याच असतात. पहिल्याच शेवभाजीनं माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं.

१२ नोव्हेंबर
सकाळी अक्कांबरोबर डोहावर गेले. त्यांनी कणकेचा गोळा पाण्यात टाकला आणि खणखणीत हाक दिली, झुलाल! झुलाल म्हणजे त्यांचे वारलेले मालक. ते होते तोवर त्यांचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, आता रोज घेतात. तांबूस परांचा हातभर महसीर वर आला, गोळा घेऊन गेला. गेलेलं माणूस डोहात मासा होऊन राहतं, नाव घेतलं की वर येतं, असं गावात घरोघरी मानतात, म्हणून इथे कुणी जाळं टाकत नाही. अक्कांनी मला बजावलं, जित्ता मानूसनं नाव आठे लेवानं नई. जिवंत माणसाचं नाव इथे घ्यायचं नाही, बरं, मी मान डोलावली.

१९ नोव्हेंबर
दिवसभर मी, दुर्बीण आणि बगळे. फोनला रेंज नाही. गावाला मी नुसती मॅडम. आल्यापासून सुलक्षणा म्हणून कुणी हाक मारली नाही, याचं इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. शेवटी आज मीच गोळा टाकला आणि स्वतःला हाक मारली. लहानसा महसीर आला. वेड्यासारखी खूश झाले.

२० नोव्हेंबर
अक्कांनी आपल्यापुरतंच ताट वाढून घेतलं. मी समोर बसलेली. कुणीतरी कालचं सांगितलं असणार, रागावल्यात. माफी मागितली. त्यांनी वर पाहिलं नाही.

२१ नोव्हेंबर
एसटीनं नरडाण्याला गेले. कंडक्टरनं तिकीट विचारलं नाही. आईला फोन लागला. ती हॅलो हॅलो करत राहिली. मी ओरडत होते. मग तिनं शेजारच्या कुणाला तरी सांगितलं, नुसता पाण्याचा आवाज येतोय.

२२ नोव्हेंबर
भाकरी उतरत नाही. सारखी तहान. डोळे मिटत नाहीत —

२३ नोव्हेंबर
काठावर माझ्या चपला सापडल्या म्हणे. मॅडम बुडाली. अख्खा गाव डोह शोधतोय. मी त्यांच्यात उभी, अक्कांचा पदर ओढतेय — कुणी वळत नाही.

२५ नोव्हेंबर
आई आलीय.
अक्कांनी तिच्या हातात गोळा दिला. नाव ले माय, म्हणाल्या.
आई, नको. मी आहे. नको घेऊस —

घेतलं. सुलक्षणा. किती दिवसांनी —
वरून येतेय हाक, पाण्याच्या वरून — आणि मला इतकी भूक —