घास खाली ठेव

अप्पा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि भांडायला मी आज बसलोय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "आत्ता सुचलं व्हय रे?" हो, आत्ता सुचलं. दवाखान्यातून आल्यापासून डोकं भणाणलंय आणि घरात दुसऱ्या कुणावर ओरडायची माझी लायकी राहिलेली नाही. म्हणून तुम्ही.

माझी मुलगी, जिला तुम्ही पाहिलंच नाही, ती दहावीत आहे. चार महिने झाले, तिला घरी जेवण जात नाही. दोन घास पोटात गेले की मळमळतं, पोट कडक होतं, कधी सगळं उलटून पडतं. शाळेत डबा खाते, मैत्रिणीकडे खाते, घरी ताटावर बसली की चेहरा उतरतो. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, नळी घालून पाहिलं, सगळं नॉर्मल. मी म्हटलं, अभ्यास टाळायची नाटकं आहेत. आज सात रस्त्याजवळच्या डॉक्टरीणबाईंनी सगळे रिपोर्ट बाजूला सारले आणि केसपेपर उलटा करून त्यावर एक लांब रेघ ओढली. म्हणाल्या, "मेंदूच्या बुडातून एक नस निघते. गळ्यातून, हृदयाजवळून, थेट पोटात उतरते. वेगस म्हणतात तिला. माणूस निवांत असला की ती हृदयाला सांगते हळू चाल, पोटाला सांगते जिरव. पोटाची खबर वर मेंदूला नेते तीही हीच, म्हणून पोट बिघडलं की मन उदास होतं. पण माणूस धास्तावला की अंग पळायच्या तयारीला लागतं. मग हिचं कुणी ऐकत नाही आणि पोट काम थांबवतं." आणि मग सरळ विचारलं, "जेवताना घरी काय चालतं?" मी म्हटलं, "काही नाही हो, सहज गप्पा." तुमची सून कुंभारी गावची, फटकळ तोंडाची. म्हणाली, "कसल्या गप्पा? ताट वाढलं की ह्यांची तोंडी परीक्षा सुरू. लई येळा सांगितलं, ऐकत्यात कुटं!"

मला तिथं खुर्चीतच बार्शीचं आपलं स्वयंपाकघर दिसलं. तुम्ही आडतीच्या दुकानातून येता, हातपाय धुता, पाटावर बसता. घरातली सगळी माणसं एका जागी सापडायची तेवढीच वेळ, म्हणून तुमचं कोर्ट तेव्हाच भरतं. मी पहिला घास तोंडाशी नेतो आणि तुम्ही विचारता, "एकोणतीस सत्ते?" मी मनात पाढा पहिल्यापासून म्हणायला घेतो. "घास खाली ठेव." तो घास ताटात परत ठेवायचा आणि उत्तर आल्याशिवाय उचलायचा नाही, हा आपल्या घरचा नियम. आई भाकरी थापता थापता बोटं दाखवून सुचवायला बघायची, तुमच्या लक्षात आलं की तिचीही खरडपट्टी. आमटी गार व्हायची. उत्तर सापडेपर्यंत पोट असं आवळून यायचं की मग घास घशाखाली उतरायचा नाही, आणि त्यावरून वेगळी बोलणी, की अन्नाचा माज आलाय. उठायची परवानगी नाही आणि जेवता येत नाही. दोनशे तीन, अप्पा. घ्या उत्तर.

मी तुमच्यापेक्षा बरा आहे असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू? मी कधी तिला घास खाली ठेवायला लावला नाही. मी नुसतं विचारतो. चाचणीत किती पडले? ती समोरची तुझ्यापुढं कशी गेली? ऑफिसातून यायला सात वाजतात, मग दुसरं कधी विचारणार? हे वाक्य तुमचं आहे. आवाजसुद्धा तुमचाच निघतो. माझ्या तोंडातून तुम्ही बोलता, मला ऐकू येतं, आणि मला तुम्हाला गप्प करता येत नाही. सुटका कुठून करून घेऊ, ते तरी सांगा.

डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितले होते. ताटावर एकही प्रश्न नको, हे पहिलं. शिवाय जेवणाआधी श्वास सावकाश सोडायचा, थोडं गुणगुणायचं, त्यानं अंग जरा सैलावतं, पण नुसत्या तेवढ्यावर भागणार नाही, असंही बजावलं. मी पठ्ठ्यानं नेमकं श्वासाचं तेवढं धरलं. संध्याकाळी ताटं वाढली आणि मी सुरू, "हं, सोड श्वास. सहा मोजलेस? चारच झाले. परत. गुणगुण की नीट, आवाज कुठं येतोय?" तिनं हातातला घास ताटात परत ठेवला. मी सांगितलं नव्हतं, अप्पा. आपला तो नियम मी या घरात कधी कुणाला बोललेलोही नाही. बायको म्हणाली, "झालं समाधान? औषधाची बी परीक्षा घेतली!" मी माझं ताट तसंच सोडून गॅलरीत आलो आणि हे लिहायला लागलो.

तुम्हीही जन्मभर पोटाची पावडर पाण्यात ढवळून प्यायचात. तुमचं पोट कुणी आवळलं होतं, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हाला प्रश्न विचारायची आपल्याकडे रीतच नव्हती.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तर एक कबूल करून टाकतो. तुम्हाला पोचवून आलो त्या दुपारी शेजारच्या काकूंनी रिवाजाप्रमाणे कडू घासाची पिठलं-भाकरी आणली. सगळे कसेबसे दोन घास गिळत होते. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. पिठलं पुन्हा मागून घेतलं. काकू म्हणाल्या, दुःखानं पोराला भान राहिलं नाही. भान होतं, अप्पा. इतकी भूक मला त्या घरात कधी लागलीच नव्हती. आणि आत्ता आतून माझी पोरगी म्हणतेय, "आई, अजून अर्धी वाढ गं." दार ढकललं की मी आतच आहे, पण ती जेवून उठेपर्यंत माझी आत जायची हिंमत होत नाही.