बाबांच्या मापाचा शर्ट

१४ ऑक्टोबर, रविवार

चि. काटक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं छान. फोनवर तू लगेच विषय बदलतोस, म्हणून पत्र. मुकाट्याने शेवटपर्यंत वाच.

आधी गंमत ऐक. उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांचं रक्त तपासलं. तुझ्या भाऊजींचं पोट तुला माहीतच आहे, आणि मी ही अशी फुंकर मारली तर उडेन. तर कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं माझं, आणि यांचा रिपोर्ट ठणठणीत! मी तडक भांडायला गेले. "बाई, बाटल्या बदलल्यात तुमच्या. एकदा यांच्याकडे बघा, एकदा माझ्याकडे!" त्या हसल्या, पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा तेच. हे घरभर कॉलर ताठ करून फिरत होते, काय सांगू!

"जाड-बारीकावर नसतं हो हे," बाई म्हणाल्या. "वडील कशाने गेले?"

मी म्हटलं, "चांगले धडधाकट होते. जिन्यात टेकले ते उठलेच नाहीत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. काही घरांत हे कोलेस्टेरॉल रक्तातूनच येतं म्हणे, आणि हृदयावर असा अचानक घाला घालतं.

आता रोज रात्री एक गोळी घेते. तळलेलं कमी केलंय. संध्याकाळी फिरायला जाते आणि यांनाही ओढून नेते, मी एकटीनेच का सोसायचं? मध्ये छान वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद केली, तर बाईंनी अशी हजेरी घेतली! "छान वाटणं हे काय माप झालं? तुम्ही टेलर ना? कापड अंदाजाने कापता का?" त्याच रात्री गोळी पुन्हा सुरू केली. आणि परवाच्या तपासणीत आकडा चांगला उतरलाय. बाईंनी पाठ थोपटली. खरंच रे, फार निवांत वाटतंय.

त्या दिवशी बाईंनी आणखी एक विचारलं होतं, "सख्खं भावंड आहे का कुणी?"

काल तुझा वाढदिवसाचा शर्ट बेतायला घेतला. तुला कधी बोलले नाही, पण तुझं माप मी घेतच नाही. बाबांचा कागदी साचा आहे ना, तोच कापडावर ठेवते. खांदा, बाही, गळा, तसूभर फरक नाही. एरवी मला त्याचं कोण कौतुक! काल मात्र खडू हातात धरून रडत बसले. पुढच्या महिन्यात तू बाबा गेले त्या वयाचा होतोस. आणि वर तुझी ऐट, "मी कधी दवाखान्याची पायरी चढलो नाही." तीसुद्धा बाबांचीच.

मला भीती वाटते रे. तेवढंच सांगायचं होतं, बाकीचं सगळं उगाच लिहिलं.

शर्ट शिवून झालाय, पण पोस्टाने पाठवणार नाही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी राहायला ये. सकाळी उपाशीपोटी बाईंकडे जाऊ, रक्त देऊ, मग घरी येऊन पोटभर खा आणि शर्ट घालून मिरव. काम आहे, सुट्टी नाही, असलं काही मला सांगू नकोस.

त्या साच्यावर या वयाच्या पुढचा शर्ट आजवर कुणी शिवलेला नाही. मला शिवायचाय. पुढेमागे पोट सुटलंच तर साचा वाढवून घेईन, त्याची काळजी तू करू नकोस.

तुझ्या म्हातारपणीचं कापड आत्तापासून घेऊन ठेवलेली,
ताई