तुराट्यांचा कोळसा

माय, आपलं पोल्ट्रीचं शेड अजून तिथंच आहे, आता वहिनी बघते. तू वारलीस तेव्हा मी शाळेत शिकत होते. अजून आठवतं: तू पिल्लांवर वाकलेली आहेस, डोळ्यांतून पाणी वाहतंय, मी दारात नाक दाबून उभी, आणि तू म्हणतेस, "लई नाजूक हायस गं. मला तर कायच वास येऊन न्हाई राहिला." विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाला नाक सरावतं, हे मला पुढं नांदेडला शिकताना कळलं.

आता माझं कामच ते आहे. तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, कमी हवेत जाळून मी कोळसा करते. त्याच्या प्रत्येक कणात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात आणि त्यांच्या आतल्या भिंतींना अमोनिया चिकटून बसतो. भिंती भरल्या की नवा वायू धरला जात नाही, आणि कोळसा तापला की धरलेलाही सुटतो. दिवाळीनंतर मी त्याची काही पोती शेडमध्ये टांगली आणि दादाला सांगितलं, भरली की बदलायची.

परवा न कळवता गेले. थंडीमुळे सगळे पडदे लावलेले. वहिनी आत दाणा टाकत होती. "या ताई! तोंडाला काय बांधलंय? तुमच्या कोळशानं वासच न्हाई राहिला." माझ्या हातातल्या अमोनिया मोजायच्या मीटरवर आकडा चढत होता. पोती टांगलेली नव्हती, पिल्लांच्या शेगडीला टेकवून ठेवली होती.

"ह्यांनी ठिवलीत. तापली की रिकामी होतेत म्हणले, पुन्हा वापरू."

दादाचं म्हणणं चूक नव्हतं. फक्त ती रिकामी होत होती बंद शेडमध्ये, वहिनीच्या छातीत. पोती मी ओढून बाहेर टाकली आणि पडदा गुंडाळायची दोरी धरली. तिनंही धरली.

"पिल्लं गारठून मरतील, ताई. तुम्ही जाताल नांदेडला, बोलणी मी खाईन."

मी मीटर पुढं केलं. तिनं पाहिलंही नाही. "यंत्राला काय कळतंय? मी रोज हितंच हाय ना?" आणि ती खोकली, कोरडं, थांबून थांबून. दोरी दोघींच्या हातात ताणलेली. मला छिद्रं, भिंती, तापमान सगळं समजावून सांगता आलं असतं. मी एवढंच म्हणाले, "माझी माय ह्याच शेडमुळं गेली."

तिनं दोरी सोडली. पडदा वर गेला, गार वारा आत आला, आणि ती पिल्लं शेगडीजवळ लोटू लागली.

माय, तुझ्या आजाराचं कारण कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय मी प्रयोगशाळेत एक ओळ लिहीत नाही. तुला न विचारता तुझं मरण वापरलं, म्हणून हे लिहिलं. कागद मात्र फाडून टाकणार आहे. वहिनीच्या हाती लागला, तर ती पडदे पुन्हा लावून घेईल.