तू घेतलेलं एकच नाव

आज्जी, परवा धाकट्या सुनेच्या डोहाळजेवणात बायकांनी मला ह्यांचं नाव घ्यायला लावलं आणि तुझी चपराक आठवली.

मी चौथीत होते. पंचमीला आपल्या मुरगूडच्या अंगणात फुगड्या घालून बायका दमल्या होत्या आणि एकेक जण उखाण्यात नवऱ्याचं नाव घेत होती. तू कधीच घेत नसायचीस. तुला जुळवता येत नाही असं समजून मी दोन दिवस खपून तुझ्यासाठी उखाणा केला होता. मध्येच उभी राहून तो म्हणून दाखवला: 'उसाच्या फडाला पाण्याचा पाट', पुढे आजोबांचं नाव, 'रावांनी दाखवली सुखाची वाट.' सोप्यावरून आजोबा हसत ओरडले, "घे की गं, नातीनं शिकवलंय!" तू उठलीस आणि अशी हाणलीस, की माझा ओठ फुटला. "परत माझ्या तोंडात त्येचं नाव घातलंस तर जीभ उपटून हातात दीन." बायका हसल्या. "म्हातारी लाजली बघा की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझी वेणी घालते आहे आणि विचारते, का मारलंस. तू माझं बोट धरून केसांत नेतेस. कानामागे खड्डा आहे, तिथे केस नाहीत. "खोऱ्याचा दांडा. पाणी चुकीच्या सरीत सोडलं म्हणून. मग त्याच पाटात माझं तोंड दाबून धरलं. पोटात तुझा बाप हुता." थोड्या वेळानं म्हणतेस, "पर जुळवलं हुतंस ब्येस."

आजोबा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. बायका तुझ्या बांगड्या फोडायला आल्या. तू त्यांना ढकललंस आणि दोन्ही हात उंबऱ्यावर आपटलेस. काचा मनगटात घुसल्या, रक्त कोपरापर्यंत ओघळलं. आणि प्रेतासमोर, मोठ्यानं, तू नाव घेतलंस. पहिली ओळ माझीच, दुसरी तुझी: 'रावांनी सोडली एकदाची पाठ.' कुणी हसलं नाही. इतकी वर्षं तू ती ओळ दाताखाली धरून बसली होतीस.

परवा माझ्याही तोंडात तीच आली होती. हे समोर बसले होते. मी चौथीतलीच म्हटली, सुखाच्या वाटेची. टाळ्या पडल्या.

हे पत्र फाडून टाकीन. पण लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मी सुजलेला डोळा घेऊन माहेरी आले आणि पायरीवरून पडले म्हणाले, ते खोटं होतं. तू विचारलंस, "कुठली पायरी ती? दाव मला, फोडून काढतो." मी दाखवली नाही.