मिस्त्रीच्या मानेचा ओळंबा

३ नोव्हेंबर, वडनेर
खामगावहून आलो. डॉ.नं एक्स-रेचा फोटो उजेडापुढं धरला. मानेची हाडं पुढं झुकली, मधातली शीर दाबून राह्यली म्हणे. "मिस्त्री, ऑपरेशन नागपूरला होईल. हात सुधारतील, पण त्यात पायही जाऊ शकतात." पाय गेले तं परांचीवर कोन चढन?
विचारलं, किती वाकडं म्हंजे किती त्रास? तं म्हणे, डोकं जेवढं खांद्याच्या पुढं, तेवढा त्रास बहुतेक जास्त. पण सगळ्यांचं सारखं नसतं. काय काय अडते ते रोज लिहा, महिन्यानं ठरवू.

४ नोव्हेंबर
लिहाचं काय त्याच्यात? आपला धंदाच मोजाचा. अंगणात घराच्या भिंतीले टाचा लावून उभा राह्यलो. घरचीनं भिंत अन् डोकं याच्या मधात बोटं घातली. सात बोटं! तीस वर्सं लोकाइच्या भिंती सरळ केल्या अन् स्वतः सात बोटं बाहेर. लाज वाटली. आजपासून रोज मान मागं ओढाची. सोडत नाही.

९ नोव्हेंबर
बो. ७. सदऱ्याची गुंडी लागली नाही, घरचीनं लावली. सिमेंट लावाची करणी हातातून दोनदा सुटली. डॉ.ले सांगाचं का? पाहू.

१५ नोव्हेंबर
सकाळी थंडी लय. अंगणात उभं राहवत नाही, म्हणून घरात चुलीजवळच्या भिंतीले मोजलं. बो. ५! घरचीले म्हटलं, "पाह्य, ऑपरेशन गेलं उडत." ती म्हणे, "मंग काल चहाचा कप काऊन फुटला?" हिचं काहीतरीच.

२१ नोव्हेंबर
बो. ५, घरातच. कौन्सिलच्या शाळेचं काम. परांचीवरून करणी पडली, खाली गारा, म्हंजे कालवलेला माल, देणारी बाई होती. थोडक्यात वाचली. चालताना पाय कापसाच्या ढिगात पडल्यावानी लागते. मान सुधरून राह्यली अन् हातपाय बिघडून राह्यले. हे कसं?

२२ नोव्हेंबर
अंगणात ओळंब्याची दोरी बदलली. सहज घराच्या भिंतीवरून खाली सोडला, तं लंबक खाली भिंतीवरच बसला. हात् मूर्खा! मातीची भिंत बाहेरून पायाशी रुंद, वर निमुळती. म्याच तशी बांधली. आतून सरळ. बाहेरच्या सातातली दोन बोटं भिंतीची होती! मान जागची हालली नाही, पहिल्या दिवसापासून पाचच.
हसलो. मंग रडलो. घरची बाजूले बसली. म्हणे, "भिंतीचं बंद करा आता. हात काय म्हणते ते लिहा नं."

२३ नोव्हेंबर
खरं लिहितो. गुंडी लागत नाही. घास सांडते. सहा दिवस झाले, परांचीवर चढलो नाही. खालूनच हुकूम सोडतो अन् चढलो म्हणून घरी सांगतो. २१ले करणी वरून पडली नाही, खाली उभा असताना हातातून पडली, बाईच्या पायाजवळ. इथंही खोटं लिहिलं होतं. एवढं भेव कायचं होतं मले?

१ डिसेंबर, खामगाव
रोजचा लिहिलेला कागद दिला. डॉ.नं पूर्ण वाचला. नवा फोटो जुन्या फोटोजवळ धरला. "मान तेवढीच आहे मिस्त्री, त्रास दुप्पट झाला. हे आधी का नाही सांगितलं?" काय सांगू? मिस्त्रीची इज्जत, दुसरं काय. "आता थांबू नका."
"हाव," म्हटलं. घरचीकडं न पाहताच म्हटलं.

६ डिसेंबर, नांदुरा टेसन
शाळेची भिंत खिडकीपावतर आली. बाकीची येऊन बांधीन. घरचीनं करणी घरी ठेवली होती, म्या पेटीत टाकली. तिनं पाहिलं, पेटीचं झाकण लावलं. भेव वाटते, लपवत नाही.
अक्षर वाकडं येऊन राह्यलं. येऊ दे.
आज गुंड्या तिले लावू दिल्या नाही. सकाळपासून बसलो होतो. एक लागली. नागपूरची गाडी दिसून राह्यली, ती उठा म्हणते. दुसरी लावूनच उठीन.