मृत्यूचे कारण खरे लिहावे

मी, बर्नडीन कोस्को, वय ७४, निवृत्त परिचारिका, राहणार कोल्टन, पेनसिल्व्हेनिया, हे लिहून ठेवते. खुबा गेला आहे, डोके जाग्यावर आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. तेवढी छाती कोणाची नाही. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर माझी भाची टेरेसा हिला. मागचा जिना दुरुस्त करावा, नुसता रंग फासू नये.

२. माझे पती लिओनार्ड यांची सुतारकामाची हत्यारे शेजारच्या स्टॅनला. लिओनार्ड गुडघ्याच्या ऑपरेशनला आपल्या पायांनी चालत गेले आणि एकोणिसाव्या दिवशी वारले. जंतू जखमेत शिरले ते रुग्णालयातच. मी हे ठामपणे लिहिते, कारण तिथे अशा संसर्गांची नोंद ठेवणे हेच माझे काम होते.

३. माझा दीर रेमंड, त्या रुग्णालयाचा व्यवस्थापक, याला काहीही देऊ नये. लिओनार्ड गेले त्याच दुपारी त्याने मला बोलावून घेतले.

"वहिनी, जंतू घरूनच आणले होते असं लिही."

"रेमंड, तुझा सख्खा भाऊ होता तो!"

"बोभाटा झाला तर रुग्णालय बंद पडेल. आणि आजवर लिहीत आलीसच की."

ते खरे होते. आधीच्या सात मृतांच्या नावांपुढे मी तसेच लिहिले होते. ते माझे कोणी नव्हते. आठव्या वेळी हात थांबला, यात माझा मोठेपणा नाही.

४. मी नोकरी सोडली आणि राज्याच्या राजधानीत विधिमंडळाच्या समितीपुढे सातही खोट्या नोंदी कबूल केल्या. पुढे कायदा झाला. आता प्रत्येक रुग्णालयातल्या संसर्गांचे आकडे जाहीर होतात. गावाने मला वाळीत टाकले. त्या सात घरांना मी पत्रे लिहिली. एकट्या श्रीमती युर्कानिन यांचे उत्तर आले: "आता सांगून काय उपयोग?" ती चिठ्ठी माझ्यासोबत पुरावी.

५. त्या आकड्यांचे माझ्याकडचे दरवर्षीचे छापील अहवाल गावच्या वाचनालयाला. टेरेसा म्हणते, "मावशी, वाचतं कोण गं ते?" न वाचोत. कपाटात कोंडू नयेत, वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवावेत. जागा नसेल तर मासेमारीची मासिके हलवावीत.

६. सोमवारी त्याच रुग्णालयात माझ्या खुब्याचे ऑपरेशन आहे. पन्नास मैलांत दुसरे नाही. तिथल्या संसर्गाने मी मेले, तर दाखल्यावर "हृदय बंद पडले" एवढ्यावर भागवू देऊ नये. हृदय सगळ्यांचेच बंद पडते. रुग्णालय, वॉर्ड आणि जंतू नावानिशी लिहावेत. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेतही तेच. टेरेसाने रेमंडकाकांची भीड धरू नये.

आणि मी धडधाकट घरी आले, तर तेही मीच जाहीर सांगेन: एक रुग्ण, संसर्ग नाही. रेमंडविषयीही मी खोटे लिहिणार नाही, खरे त्याच्या फायद्याचे असले तरी.

वाचून, समजून सही केली.
बर्नडीन कोस्को

आमच्यासमक्ष:
वॉल्टर डेम्बिन्स्की, पोस्टमास्तर
ग्लेंडा प्रुइट, शिक्षिका

कोल्टन, शनिवार, ९ ऑक्टोबर २०१०