चव्वेचाळीसपैकी चव्वेचाळीस

मंगळवार, २ मे २०२३. सकाळी ६ वाजून ४० मिनिटं.

शर्टाच्या कॉलरला साबण घासत होतो, तेवढ्यात घरमालकीण शोभाकाकूंनी खालून ‘प्रसाद, चहा’ अशी हाक मारली. काल दुपारी बऱ्हाणपूरहून आलो. खोली उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर आहे. बाहेरून अठरा पायऱ्या आहेत. खिडकीतून कडुनिंब दिसतो. शोभाकाकूंनी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग शिक्षण. नववीपर्यंत, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, हरकत नाही, आमच्या यजमानांचं एम.ए. झालं होतं आणि त्यांना साधा बल्ब बदलता येत नव्हता.

ही वही नवीन घेतली. रोज लिहायचं, खरं लिहायचं आणि शुद्ध लिहायचं असं ठरवलं आहे.

गुरुवार, ४ मे. संध्याकाळी ७.

काम समजलं. दर मंगळवारी यात्रेकरूंची खास रेल्वेगाडी सकाळी ९:१० ला उज्जैनला येते आणि संध्याकाळी ५:४० ला द्वारकेकडे निघते. मधल्या वेळात चार बसमधून दर्शन घडवायचं आणि सगळ्यांना वेळेत डब्यात परत बसवायचं. बस नंबर तीन माझी. चव्वेचाळीस माणसं.

आमचे मालक दत्ताभैया. इथलेच मराठी आहेत, पण अर्धं हिंदीत बोलतात. तरुणपणी सहा वर्षं ते मुंबईहून सुटणाऱ्या पर्यटकांच्या जहाजावर खोल्या आवरायला होते. प्रत्येक बंदरात कोणीतरी उशिरा येतं, शिडी वर घेतलेली असते, तो पिशव्या घेऊन धक्क्यावर पळतो आणि वर कठड्याला टेकलेले प्रवासी टाळ्या वाजवतात, असं त्यांनी सांगितलं. जहाज थांबत नाही. गाडीही थांबत नाही.

तिथूनच त्यांनी ही पद्धत आणली. बसच्या दारात चव्वेचाळीस खिळ्यांची फळी आहे. प्रत्येक खिळ्यावर नंबराचा लाल बिल्ला. उतरताना आपला बिल्ला घ्यायचा, परत चढताना अडकवायचा. फळी भरली की बस सुटली. मी विचारलं, शिवाय माणसं मोजायची का? ते म्हणाले, भिया (इकडे भाऊ म्हणायच्या ऐवजी असंच म्हणतात), मुंडकी हलतात, बिल्ले हलत नाहीत.

फळीवर ‘उपस्तिथी’ लिहिलं होतं. खोडून ‘उपस्थिती’ केलं. दत्ताभैया हसले, म्हणाले पंडितजी आले.

मंगळवार, ९ मे. संध्याकाळी ७:३०.

पहिली फेरी. पाच वाजून एक मिनिटानं फळी भरली. दत्ताभैयांनी सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली. तीन महिने असं चाललं तर पक्कं करीन म्हणाले. आईला फोन केला. ती रडली.

मंगळवार, १६ मे. संध्याकाळी ७:१५.

दुसरी फेरी. ऊन फार होतं. चव्वेचाळीसपैकी चव्वेचाळीस. गाडी ५:४० ला सुटली.

एक गोष्ट लिहायची राहिली. उद्या लिहीन.

मंगळवार, १६ मे. ८:२०.

गाडीतून फोन आला होता. बिल्ला नंबर एकतीस, कुसुमआजी, वय ७१, नागपूर, जागेवर नाहीत. मी सांगितलं की फळी भरलेली होती आणि मी स्वतः त्यांना हात देऊन डब्यात चढवलं.

बुधवार, १७ मे. दुपारी १२.

खरं लिहायचं ठरवलं होतं, म्हणून लिहितो.

पहिल्या थांब्यावर आजींना चप्पल सापडेना. बारा मिनिटं गेली. त्या चढल्या तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो की आजी, तुमच्या एका चपलेसाठी त्रेचाळीस माणसं भाजली. बस हसली. कोणीतरी म्हणालं, आजींना चपलांचाच प्रसाद मिळाला. त्याही हसल्या, पण मान खाली घालून. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर त्या आधी विचारायच्या, बाळा, किती मिनिटं?

भैरवगढला कापडछपाईची दुकानं दाखवून आम्ही काळभैरवाकडे निघालो तेव्हा त्या म्हणाल्या की गुडघा दुखतो, मी मागे पडले तर परत सगळे खोळंबतील. मी त्यांना एका रंगाऱ्याच्या दुकानाबाहेर कडुनिंबाखालच्या ओट्यावर बसवलं. सांगितलं, इथून हलू नका, परतताना इथूनच उचलतो. बिल्ला हरवू नये म्हणून त्यांच्याकडून घेतला. बसमध्ये चढताना तो माझ्या हातात होता. विसरायला नको म्हणून मी तो लगेच त्यांच्या खिळ्यावर अडकवला.

परतताना भैरवगढचा रस्ता तुंबला होता. ड्रायव्हरनं दुसरीकडून बस घातली. मी फळी पाहिली. भरलेली होती. चला म्हणालो.

५:५२ ला स्टेशनच्या नळावर तोंड धुताना आठवलं.

तिथून भैरवगढ रिक्षानं अर्धा तास. मी गेलो नाही. दत्ताभैया शेजारी उभे होते आणि बाकीच्या बसच्या तिघांना सांगत होते की ह्याच्याकडून शिका. मी ओंजळीत पाणी घेऊन उभा राहिलो. वाटलं, कोणीतरी पोचवेल. त्यांचा फोन डब्यात आहे, मंदिरात नेता येत नाही म्हणून मीच ठेवायला लावला होता, हेही आठवलं.

आज जाईन.

बुधवार, १७ मे. संध्याकाळी ६.

गेलो नाही. त्या तिथे असल्या तर मी खोटं बोललो हे कळेल.

गुरुवार, १८ मे. सकाळी १०.

त्यांच्या मुलाचा फोन आला होता. नाव केदार. आवाज शांत आहे. ते नागपूरहून निघून काल नागद्याला उतरून शोधत होते, आज रतलामला आहेत. गाडीत चढल्या होत्या म्हणजे पुढेच कुठेतरी उतरल्या असणार, असं त्यांचं म्हणणं. आईला नंबर पाठ होत नाहीत, असंही म्हणाले. शेवटचं पाहिलं तेव्हा त्या कशा होत्या, असं त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, हसत होत्या. खिडकीशी बसल्या होत्या. मी पाण्याची बाटली दिली.

हे कोणी सांगायला लावलं नव्हतं. बाटलीचं तर मुळीच नाही. त्यांनी माझे आभार मानले.

शनिवार, २० मे. दुपारी ३.

गेलो. एक चौक आधीच उतरलो आणि भिंतीआडून पाहिलं. ओटा रिकामा होता. मला हायसं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं.

मग रंगाऱ्याला विचारलं, गिऱ्हाईक म्हणून, चादरींचा भाव विचारत विचारत. तो म्हणाला, एक माताजी इथे मंगळवारपासून बसल्या होत्या. ठाण्यावर चला म्हटलं तर म्हणायच्या, एवढ्यात बस आली तर? मागच्या वेळी माझ्यामुळे सगळे खोळंबले. रात्री त्याच्या बायकोनं आत झोपवलं, तर पहाटे उठून परत ओट्यावर. दर थोड्या वेळानं त्याला किती वाजले ते विचारायच्या. गुरुवारी दुपारी त्या बसल्या जागी कलंडल्या. ॲम्बुलन्स आली तेव्हा संपलं होतं. बेवारस म्हणून नेलं.

गुरुवारी दुपारी. मी केदारना पाण्याची बाटली सांगितली त्यानंतर दोन-तीन तासांनी.

त्यानं मला विचारलं, माताजी ज्या मुलाचं नाव घ्यायच्या तो तू का? प्रसाद?

मी म्हणालो, माझं नाव विहंग.

रविवार, २१ मे.

केदारना फोन करायचा आहे. दत्ताभैयांना आधी सांगितलं. ते म्हणाले, फळी भरलेली होती ना? मग आपली गिनती बरोबर होती. तू काही पाहिलं नाहीस, मी काही ऐकलं नाही. समझा, भिया?

समजलं म्हणालो. समजल्यावर बरंही वाटलं.

मंगळवार, २३ मे. संध्याकाळी ७.

तिसरी फेरी. सकाळी बस उघडली तेव्हा एकतिसावा बिल्ला खिळ्यावर नव्हता. कोणी उतरलंच नव्हतं. कोणी चढलंही नव्हतं.

पहिल्या थांब्यावर आम्ही परतलो तेव्हा तो जागेवर होता. सगळ्यांच्या आधी. बस कुलूपबंद होती. दुसऱ्या थांब्यावरही तसंच. आज एकतीस नंबर ज्यांना दिला होता ते गृहस्थ म्हणाले, मला बिल्ला मिळालाच नाही.

मी यावेळी माणसं मोजली. पंचेचाळीस. परत मोजली. पंचेचाळीस.

दाराजवळच्या बाई वैतागून म्हणाल्या, अहो, ह्या आजींना जरा पाय आत घ्यायला सांगा. मी वळून पाहिलं नाही. रंगाचा वास येत होता, ओल्या कापडाचा. कोणीतरी हळूच विचारलं, बाळा, किती मिनिटं?

बुधवार, २४ मे. दुपारी १.

शोभाकाकू विचारत होत्या की पायऱ्यांवर कोण म्हातारी बसली आहे. सगळ्यात खालच्या पायरीवर. त्यांनी पाणी नेऊन दिलं. वर जा म्हटलं, तर म्हणाली, मुलगा बोलवेल तेव्हा जाईन. उगाच घाई नको.

मी म्हणालो, मला माहीत नाही. काकू म्हणाल्या, पण ती तुझंच नाव घेते रे.

गुरुवार, २५ मे.

दुपारी पाहिलं. पाचव्या पायरीवर. पदर डोक्यावरून. ऊन रणरणत होतं आणि पायरीवर सावली तिची नव्हती, फक्त कठड्याची —

सरकारी दवाखान्यात गेलो. आजींना तिथे चार दिवस ठेवलं होतं. कोणी आलं नाही. सोमवारी दुपारी साडेबाराला एका सेवामंडळानं अग्नी दिला.

शनिवारी मला कळलं होतं. शनिवार दुपार, रविवार, सोमवार सकाळ. एक फोन. केदार तेव्हा बडोद्याच्या फलाटांवर तिचा फोटो दाखवत फिरत होते.

शुक्रवार, २६ मे.

बारावी पायरी.

काकूंनी तिला जेवायला विचारलं. ती म्हणाली, जेवत बसले आणि मुलगा आला तर. काकू माझ्यावर चिडल्या आहेत. घरचं माणूस असं उन्हात बसवतात का, म्हणाल्या. आपल्यात असं करत नाहीत.

मी दार लावून घेतलं. ती रागावलेली नाही. तेच तर — रागावली असती तर —

शनिवार, २७ मे. दुपारी १२:३०.

ती दाराबाहेर आहे. वाजवत नाही. फक्त मधूनमधून विचारते, उशीर झाला का.

आज फोन करणार. काय बोलायचं ते एका कागदावर लिहिलं आहे. चार ओळी. शुद्धलेखन तपासलं.

१२:५०. दार उघडलं. आत ये म्हणालो. दुसरं काय म्हणणार. ती आली आणि पलंगाच्या कडेला बसली, अंग चोरून, कोणाची जागा अडू नये अशी.

फोन लावला आहे. उचलेपर्यंत हिशोब लिहितो.

खर्च:
रिक्षा, भैरवगढ, येऊन जाऊन — २४० रु.
रिक्षा, दवाखाना — ६० रु.
चादर, घ्यायची नव्हती, रंगाऱ्यासमोर घ्यावी लागली — ४५० रु.

देणं:
सेवामंडळ, लाकडं वगैरे — ३,२०० रु.
रंगारी, आजींचं दोन दिवसांचं जेवण, त्यानं पैसे सांगितले नाहीत —
केदार —

उचलला. मी म्हणालो, मी प्रसाद, उज्जैनहून, बस नंबर तीन. कागद शोधतो आहे. कागद तिच्या मांडीवर आहे. ती फोनकडे वाकली. त्याला सांगते आहे की ह्या पोराला काही बोलू नकोस, त्यानं मला नीट बसवलं होतं, मीच —

आणि पलीकडून ते म्हणाले, आई? आई, तू कुठे —